गजभिये बाईंची शिरगणती

गजभिये बाई कोणाच्या घरी पहिल्यांदा गेल्या की कडी वाजवायच्या आधी मागच्या अंगणात डोकावायच्या. कपडे वाळत घालायची दोरी बघायला. दोरी बघून झाली की मग पुढच्या दाराशी यायच्या, आणि तोवर त्या घरात माणसं किती, त्यात लहान किती, कोण आजारी आणि कोण नव्यानं आलेलं, हे सगळं त्यांना कळलेलं असायचं. "दाराशी माणूस वाट्टेल ते सांगते. दोरीवर सगळं टांगूनच राह्यते, आपल्याले वाचता आलं पाह्यजे," असं त्या म्हणायच्या. मी बी. ए. होऊन, डी. एड. करून शाळेत लागले होते, पण हे वाचन मला कोणी शिकवलं नव्हतं. ते बाईंनी शिकवलं आणि तेही माझी एक घोडचूक पकडून. ती चूक मी सांगणारच आहे, कारण तिच्याशिवाय बाई सांगताच येत नाहीत.

आमची शाळा महानगरपालिकेची, प्रताप नगरच्या अलीकडे. सत्तरीचं दशक अर्धं सरत आलं होतं. तेव्हाचं प्रताप नगर म्हणजे आखलेले प्लॉट, बिनगिलाव्याच्या भिंती आणि मधेच कोणाचं तरी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, उभं वावर. घरं बांधायला माणसं कुठून कुठून आलेली. छत्तीसगडची, ओडिशाची, तेलुगू मुलखातली. त्यांच्या मागोमाग त्यांच्या बायका. शाळेत अर्धी मुलं अशी की पहिले सहा महिने आम्ही काय बोलतो ते त्यांना कळत नसे आणि ती काय बोलतात ते आम्हाला.

बाईंकडे चौथीचा वर्ग होता. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, पांढरं सुती पातळ, चालणं असं की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागे. खरं तर त्या चालायच्याच कमी. त्यांची एक जुनी लेडीज सायकल होती आणि तिच्यावरून त्या अर्धं नागपूर पालथं घालायच्या. अंबाड्यात खडूचा तुकडा खोचलेला. फळ्यावर लिहून झालं की खडू तिथं जायचा आणि विसरला जायचा. घरी गेल्यावर यजमान तो काढून ठेवत, आणि सकाळी बाई तोच तुकडा पर्समध्ये घालून परत आणत, कारण खडू शाळेचा. यजमान गिरणीत होते, अगदी शांत गृहस्थ. "बाई शाळेच्या हायेत, मी नुसता सांभाळून राह्यलो," असं ते हसून सांगायचे.

एक शब्द बाईंना अजिबात चालत नसे. 'बिचारी'. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कोणी म्हणालं, "बिचारी, फार मारतो हो तिचा नवरा," की बाई कप खाली ठेवायच्या आणि त्या व्यक्तीच्या हातात डस्टर द्यायच्या. जाऊन चौथीचा फळा पुसून यायचा, ही शिक्षा. हेडमास्तरांनीसुद्धा दोनदा पुसलाय. "बिचारी म्हटलं का आपलं काम खतम होऊन जाते. मन हलकं झालं, चहा प्या आता," असं त्या वर ऐकवायच्या. मग विचारायच्या, "नाव काय तिचं?" आणि हमखास कोणालाच नाव माहीत नसायचं.

मार खाणाऱ्या बायका वस्तीत काही कमी नव्हत्या. पण बाईंचा खास डोळा असायचा तो दूरवरून आलेल्या बायकांवर. त्याचं कारण त्यांनी मला एकदा सायकल ढकलत चालताना समजावलं होतं. "आपल्या इकडची पोरगी असली आन् नवऱ्यानं मारलं, तर थे दुपारच्या यष्टीत बसते आन् सावनेरले भावाच्या घरी उतरते. भाऊ येते, दोन शिव्या घालते, पंचायत बसते. बरं होते का नाई मले नाई माहीत, पण कोणी तरी येते. आता हे ओडिशाची पोरगी. इचा भाऊ कोण? रेल्वेचं टाइमटेबल? तेही इले वाचता येत नाई."

मी विचारलं, "पण बाई, तुम्हीच का?"

"मले राग येते," त्या म्हणाल्या आणि सायकलीवर बसून निघून गेल्या.

परक्या घरात शिरायची त्यांची रीत तर मी जन्मात विसरणार नाही. शिक्षकांच्या मागे सरकारनं कायम कसली ना कसली मोजणी लावलेली असते. शिरगणती, मतदार याद्या, देवीच्या रोग्यांची पाहणी. हातात चिमट्याचं पॅड आणि त्यावर छापील कागद असला की दार उघडतं, हे बाईंनी हेरलं होतं. देवीच्या पाहणीच्या वेळी आम्हाला एक कार्ड दिलं होतं, त्यावर अंगभर फोड आलेल्या बाळाचा फोटो. 'असा रोगी तुमच्या घरात आहे का' असं विचारत फिरायचं. पाहणी संपली, आम्ही सगळ्यांनी कार्डं परत केली. बाईंनी केलं नाही. पुढे देशातून देवी गेल्या, पण बाईंची पाहणी काही गेली नाही. ज्या घरातून रडणं ऐकू आलं त्या घरी दुसऱ्या दिवशी बाई त्या बाळाचा फोटो घेऊन हजर.

एकदा मी सोबत होते. एक तालेवार ठेकेदार दारात आडवा उभा राहिला. "कायचा सर्वे होय हा?"

"सरकारचा," बाई म्हणाल्या.

"कोणत्या खात्याचा?"

बाईंनी अंबाड्यातला खडू काढून कानावर ठेवला, पॅडवरचा कागद उलटला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "पाहणीले हरकत घेणाऱ्याचं पूर्ण नाव सांगता काय? वडिलांच्या नावासकट." ठेकेदार बाजूला झाला आणि वर चहा सांगितला. मी बाहेर येईपर्यंत हसू दाबून धरलं होतं, पण बाई गंभीर होत्या. आतल्या मोलकरणीचं नाव त्यांनी लिहून आणलं होतं.

आणखी एक गंमत. बाईंना सहा भाषांमधली दोन-दोन वाक्यं येत. 'तुझं नाव काय' आणि 'तुझ्या आईचं घर कुठं'. बाकी एक शब्द नाही. तेलुगू वाक्यं त्या एका गवंड्याकडून शिकल्या, ओडिया एका नळवाल्याकडून, आणि बंगाली शिकायला त्या सायकल मारत रामदासपेठेत गेल्या. तिथल्या एका मिठाईच्या दुकानात बंगाली कारागीर होता. तो पाक ढवळत होता आणि बाई समोर उभ्या राहून "तोमार नाम की? तोमार मायेर बाडी कोथाय?" असं घोकत होत्या. सगळे उच्चार अस्सल नागपुरी. कारागीर इतका हसला म्हणे की पाक लागला. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. समोरची बाई हसली पाहिजे, हाच त्यांचा हेतू. हसली म्हणजे पुढचं बोलेल, असा त्यांचा हिशेब.

आता माझी चूक.

त्या वर्षी मतदार यादीसाठी घरोघर जायचं होतं आणि माझ्या वाट्याला प्रताप नगरची एक गल्ली आली. शेवटच्या घरात एक मनुष्य राहत होता, एका ठेकेदाराकडे सुपरवायझर. सगळी वस्ती त्याला सुपरवायझरच म्हणायची. स्वच्छ कपडे, मऊ बोलणं. मला पाहताच त्यानं व्हरांड्यात खुर्ची टाकली, फडक्यानं पुसली, स्वतः पाणी आणून दिलं. उन्हातान्हात फिरणाऱ्या महानगरपालिकेच्या मास्तरणीला खुर्ची पुसून देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी विरघळले. घरात किती माणसं विचारलं तर म्हणाला, "मी एकटाच, मॅडम." मी लिहिलं, एक. उठताना दोनदा आभारही मानले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझी यादी चाळली आणि संध्याकाळी मला सायकलीच्या कॅरिअरवर बसवून त्या घराच्या मागे नेलं. कुंपणापलीकडे दोरी होती. तिच्यावर पुरुषाचे दोन शर्ट, एक विटकं, ठिगळ लावलेलं लुगडं आणि दोन एवढेएवढेसे फ्रॉक.

"एक माणूस?" बाई म्हणाल्या. "मंग हे लुगडं तो नेसते काय वं, कमल?"

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत, आणि माझं हसू तिथंच विझलं. मी खुर्चीवर बसून पाणी पीत होते तेव्हा भिंतीपलीकडे एक बाई आणि एक मूल होतं आणि मी त्यांना माझ्या हातानं पुसून टाकलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

शेजारणींकडे चौकशी केली तर त्यांना सगळं ठाऊक होतं. त्याची बायको बंगाली, रायपूरकडच्या निर्वासितांच्या छावणीतली. तिकडे रस्त्याच्या कामावर असताना त्यानं तिच्याशी लग्न केलं होतं. "निर्वासिताची पोरगी पदरात घेतली, हुंडा नाही की काही नाही. देवमाणूस," असं एकीनं सांगितलं. ती डोक्यानं जरा अधू आहे म्हणून तो बाहेरून कुलूप लावून जातो, असं दुसरीनं. कुलपाची चौकशी कोणीच केली नव्हती, कारण सांगणारा देवमाणूस होता.

सुपरवायझर कामावर गेल्यावर आम्ही मागच्या खिडकीशी गेलो. गजाआड पंचविशीतली एक मुलगी उभी होती, हातात तांदूळ पाखडायचं सूप. तिच्या दंडावर भाजल्याचे जुने-नवे डाग होते आणि ते झाकायचं तिला सुचलंही नाही. बाईंनी आपलं अख्खं बंगाली पणाला लावलं. "तोमार नाम की?"

मुलगी आधी दचकली, मग ते उच्चार ऐकून खुदकन हसली. म्हणाली, "मंगला."

बंगालच्या मुलीचं नाव मंगला? बाईंनी हिंदीत विचारलं, "माँ ने क्या रखा था?"

तिनं सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मिनोती."

पुढचं सगळं तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं. लग्नात आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. आपल्यात हे किती हौसेनं होतं. माझ्या बहिणीचं नाव असंच बदललं, पेढे वाटले आम्ही. या माणसानं त्याच तांदळातून फास विणला. छावणीतला सरकारी कागद मिनोती हालदार या नावाचा होता. तो त्यानं ट्रंकेत कुलूपबंद केला आणि तिला सांगितलं की मिनोती त्या दिवशी संपली. मंगलाच्या नावाचा कुठंच कागद नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर पोलीस विचारतील, कागद नाही म्हणून सरहद्दीपलीकडे ढकलून देतील, आणि पोरगी माझ्याकडे राहील. पोरगी टुनी, सहा वर्षांची. सात वर्षं तिनं हे खरं मानलं होतं, आणि मार खाताना ती तोंडात पदर कोंबून घ्यायची, आवाज ऐकून पोलीस येऊ नयेत म्हणून.

मी म्हणाले, "बाई, आत्ताच्या आत्ता ठाण्यात जाऊ."

"जाऊ ना. पण तिले वाटलं पाह्यजे. आपण ओढून नेलं त आपण आन् तो सारखेच झालो," बाई म्हणाल्या. परतताना त्यांनी सायकलीला असा वेग दिला की मी मागे जीव मुठीत धरून बसले होते.

रविवारी सुपरवायझर घरी असताना बाई उजळ माथ्यानं पुढच्या दारानं गेल्या. पॅड हातात. "सहा वर्षांची पोरगी घरात हाय आन् नाव शाळेत नाई. वरून नोटिसा निघून राह्यल्या." सरकारी कागद आपल्या घरावर येणं या माणसाला सगळ्यात नकोसं होतं. त्यानं मुकाट सही केली. बाईंनी जाता जाता सांगितलं की लहान मुलांना आईनंच आणायचं आणि न्यायचं, शाळेचा नियम आहे. असा नियम असल्याचं हेडमास्तरांना सोमवारी कळलं.

सोमवारपासून ते कुलूप रोज उघडू लागलं. टुनी पहिलीत बसली आणि मिनोती व्हरांड्यात. मुलांना शाळेतला सुकडीचा खाऊ वाटायला ती मदत करू लागली, आणि चौथीच्या पोरांकडून मराठी उचलू लागली. म्हणजे कोणतं मराठी, ते सांगायला नको. महिन्याभरात ती मला "काहून वं मॅडम, जेवण झालं काय?" असं विचारायला लागली.

दाखलखारीज रजिस्टरमध्ये टुनीचं नाव घालताना मात्र हेडमास्तर अडले. त्या रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव असे रकाने असत. आईचा रकानाच नव्हता.

"रकाना नाही म्हणून आई नाही काय, सर?" बाई म्हणाल्या.

"पण लिहिणार कुठं?"

"शेऱ्यात." आणि बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: आई मंगला, माहेरचं नाव मिनोती हालदार, राहणार आधी अमुक छावणी. हेडमास्तर कपाळाला हात लावून बसले, पण शिक्का त्यांनीच मारला. ती दोन्ही नावं एका ओळीत आल्याचा तो जगातला पहिला कागद होता. बाईंनी त्याची नक्कल काढली, पत्र लिहिलं आणि छावणीच्या कार्यालयाला धाडून दिलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मिनोती हालदार हिची वडील आणि भावासोबत छावणीत रीतसर नोंद आहे, लग्न होऊन नागपूरला गेल्याची नोंदही आहे. खाली सही, शिक्का. बाईंनी ते व्हरांड्यात बसून तिला तीनदा वाचून दाखवलं. तिनं कागदावरच्या आपल्या नावाला बोट लावलं आणि विचारलं, "हे मी?" मी तोंड फिरवून पहिलीच्या वर्गाकडे बघत राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं. बाई मात्र आनंदानं व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या.

पण ही बातमी घरी फुटली, आणि फोडली टुनीनं. तिनं पाटीवर आईचं नाव काढून कौतुकानं बापाला दाखवलं. मिनोती. दुसऱ्या दिवशी मायलेकी शाळेत आल्या तेव्हा मिनोतीचं मनगट उशीसारखं सुजलं होतं आणि ओठ फाटला होता. तरी आली होती. बाईंनी रिक्षा बोलावली, रामदासपेठेतल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली आणि काय काय दिसलं ते सगळं, जुने डाग धरून, सहीनिशी लिहून दिलं. परत येताना बाईंनी विचारलं, "आता?"

"आता चला," मिनोती म्हणाली.

आम्ही ठाण्याकडे निघण्याआधीच भर दुपारी तोच शाळेत आला. तोच मऊ आवाज, तेच स्वच्छ कपडे. हेडमास्तरांना म्हणाला, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला द्या. बायकोला उद्देशून म्हणाला, चल घरी. मग आवाज जरा चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ही बाई परदेशी हाय. इच्यापाशी कागद नाई. मी एक शब्द टाकला ठाण्यात, त उद्या सरहद्दीपार."

व्हरांड्यात सगळे वर्ग गोळा झाले होते. बाईंनी साडीचा पदर खोचला. "मंग चला ना. आपण सगळेच जाऊ. टाका तुमचा शब्द."

अशी ती वरात निघाली. पुढे सायकल ढकलत बाई, मग टुनीचं बोट धरून मिनोती, मग मी, मग रजिस्टर छातीशी धरलेले हेडमास्तर, आणि सगळ्यांच्या मागे सुपरवायझर. तो सटकू शकला असता, पण रस्ताभर ओळखीचे लोक बघत होते आणि देवमाणसाला पळता येत नव्हतं. आजही हे लिहिताना माझं पेन भरभर पळतंय.

ठाण्यातले फौजदार आधी कंटाळलेलेच होते. घरचा मामला घरात मिटवा, असं त्यांनी ऐकून घ्यायच्या आधीच सांगून टाकलं. सुपरवायझरनं ही परदेशी, बिनकागदाची असल्याचा आपला शब्द टाकला. बाईंनी डॉक्टरांचा कागद, शाळेची नक्कल आणि छावणीचं पत्र एकापुढे एक मांडलं. फौजदारांनी पत्र वाचलं आणि सुपरवायझरला विचारलं, "ही मिनोती हालदार तुमची बायको ना? हिची तर सरकारी नोंद आहे. सरकारनंच हिला इथं ठेवलंय, हिला धाडणार कोण?"

सुपरवायझरनं कागद नाही म्हणून सात वर्षं धमकावलं होतं, आणि कागद टेबलावर होता. तो घाईघाईनं बोलला, "मिनोती कोण, मले नाई माहीत साहेब. त्या कागदाचा इच्याशी काही संबंध नाई. माझ्या बायकोचं नाव मंगला हाय."

बाईंनी तोंड उघडलं. त्या बोलणार इतक्यात मिनोती एक पाऊल पुढे आली. तिनं पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला आणि स्वच्छ नागपुरीत म्हणाली, "बराबर बोलते तो, साहेब. त्याच्या बायकोचं नाव मंगला. त्यानं तिले शोधावं. मी मिनोती हावो. शाळेत लिवलेलं हाय. मी याच्यासंग जात नाई, आन् माझी टुनीबी जात नाई."

फौजदारांच्या मिशीखाली काही तरी हललं. त्यांनी सुपरवायझरकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणता ही तुमची बायको नाही. मग न्यायला कोणत्या हक्कानं आलात?" फौजदारांनी कोरा कागद पुढे ओढला, मिनोतीला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बोला बाई. पहिल्यापासून."

मी गजभिये बाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडचा शब्द कोणी पळवलेला मी पाहिला नव्हता. त्या भिंतीला टेकल्या होत्या आणि लहान मुलीसारख्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हत्या.

त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही. तो काही मंगलाला विसरला नाही. कोर्टात गेला, मुलीवर हक्क सांगितला, तारखा पडत राहिल्या. मिनोती आणि टुनी स्त्रियांच्या एका वसतिगृहात राहिल्या. ती शिवण शिकली, गणवेश शिवू लागली. प्रत्येक तारखेला बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याशेजारी बाकावर बसल्या. टुनी अखेर आईकडेच राहिली. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी बाईंनी अख्ख्या शाळेला संत्री वाटली आणि चौथीला गणिताऐवजी गाणी शिकवली. कोणी त्यांचं कौतुक करायला लागलं की त्या चिडायच्या. "म्या काय केलं वं? म्या नुसतं नाव लिवलं. बोलली तर थेच."

बाई निवृत्त झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं आता घरी बसतील. निरोपसमारंभात हेडमास्तरांनी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर यजमान मागच्या रांगेतून म्हणाले, "सर, अफवा पसरवू नका," आणि सगळे हसले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका सकाळी, यष्टी स्टँडवर. मी अमरावतीच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी सावनेरहून येऊन पुढे निघालेली गाडी उभी होती, आणि खिडकीत मला बाई दिसल्या. केस पार पांढरे झाले होते, अंगानं आणखी वाळल्या होत्या. त्या तिघींच्या बाकावर बसल्या होत्या. मधे कोळशाच्या खाणीकडची असावी अशी एक तेलुगू बाई, डोळ्याखाली काळंनिळं, मांडीवर बोचकं. पलीकडे मिनोती, त्या बाईचं तान्हं मूल घेऊन. ती तेलुगू बाई बोलत होती. अखंड, भरभर, बांध फुटल्यासारखं, आणि त्या दोन वाक्यांपलीकडे तिच्या भाषेतलं एक अक्षर या दोघींना कळत नसणार. तरी दोघी मान हलवत ऐकत होत्या.

मी आनंदानं ओरडले, "बाई!" खिडकीशी धावले, हात वर केला. बाईंनी मला ओळखलं. त्यांचा चेहरा फुलला. पण त्यांनी हात हलवला नाही. तळवा माझ्याकडे करून त्यांनी मला गप्प केलं, वर्गातल्या वात्रट पोराला करायच्या तसं, आणि पुन्हा त्या बाईकडे वळल्या. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तरी ती बाई बोलतच होती, आणि मी स्टँडवर तोंड मिटून उभी होते.